आधी उतरायची वाट

भेटले की ते आधी हात पुढे करायचे. समोरच्यानं नमस्कारासाठी हात जोडलेले असले, तर ते सोडवून त्यातला उजवा आपल्या हातात घ्यायचे, क्षणभर धरून ठेवायचे आणि वैद्यानं नाडी पाहून सांगावं तसं सांगायचे, "कोरडा आहे. छान." किंवा, "ओला आहे. काय झालं?" एकदा भर सभेत त्यांनी आमच्या प्राचार्यांचा हात धरून विचारलं, "काय झालं, सर? तपासणी येतेय का?" तपासणी खरोखरच यायची होती, आणि प्राचार्यांनी ती गोष्ट अजून कोणालाही सांगितलेली नव्हती. पुतण्याच्या लग्नात, मांडवात, नवरदेवाचा हात हातात घेऊन ते मोठ्यानं म्हणाले, "अरे, हा घाबरलाय. पाणी द्या त्याला." मुलीकडची माणसं पुढे कितीतरी दिवस चौकशी करत होती, मुलगा नक्की कशाला घाबरला होता म्हणून.

त्यांचा स्वतःचा हात मात्र हातासारखा लागतच नसे. वाळलेल्या बाभळीच्या सालीसारखा लागे. बोटांच्या टोकांवर घट्टे, घट्ट्यांवर चिरा, आणि त्या चिरांमध्ये पांढरी पूड. खडूची असेल असं मला पहिल्यांदा वाटलं, कारण जळगावच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे तिथं सर भूगोल शिकवत. ती खडूची नव्हती. व्यायामशाळेत वजनं उचलणारे हाताला लावतात ती होती.

ते दगडांवर चढत. डोंगरावर नव्हे, किल्ल्यावरही नव्हे. किल्ल्याखाली जे सुटे, दोन पुरुष उंचीचे धोंडे पडलेले असतात, त्यांच्यावर. दोर नाही, खिळे नाहीत, फक्त हात आणि पाय. या खेळाला बोल्डरिंग म्हणतात हे मला त्यांनीच सांगितलं, पण ते स्वतः तो शब्द वापरत नसत. ते 'दगड करणं' म्हणत. "येत्या रविवारी एक दगड करायचाय," असं ते एखाद्यानं श्राद्ध किंवा सत्यनारायण करायचाय म्हणावं तसं म्हणत. मुलं त्यांना पाठीमागे 'पाल' म्हणायची. ते त्यांना ठाऊक होतं. "पालीचं बरं असतं," ते म्हणायचे, "वेळ आली तर शेपूट सोडून देता येते."

दगडाच्या कामावर माझी नेमणूक त्यांनी ग्रंथालयातच केली. आग्नेय आशियातल्या पावसाची पुस्तकं मागायला आले होते. मी कपाटाची किल्ली शोधत होतो, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"हा कायमचाच ओला दिसतो," ते म्हणाले.

"लहानपणापासून. परीक्षेत पेपर भिजायचा."

"चढायला काही उपयोग नाही. पण खाली उभे राहाल?"

खाली उभं राहणं म्हणजे काय, ते मला पहिल्याच रविवारी सोनगीरला समजलं. चढणारा पडतो. नेहमीच पडतो. खालच्या माणसानं त्याला झेलायचं नसतं. झेलायला गेला तर दोघंही मोडतात. त्यानं फक्त दोन्ही हात वर धरून उभं राहायचं, आणि पडणाऱ्याची पाठ गादीकडे वळेल एवढं बघायचं. "मी दगडाकडे बघणार, तुम्ही माझ्या कमरेकडे," त्यांनी सांगितलं. "आणि हे बघा, ग्रंथपाल, पुस्तक आणायचं नाही."

ती गादी म्हणजे या खेळातली आमची खानदेशी भर होती. परदेशात त्यासाठी फोमची घडीची गादी मिळते म्हणे. त्यांनी पिंजाऱ्याकडून कापसाची करून घेतली होती, दुप्पट रुई भरून, वर जाड ताडपत्रीचं कापड शिवून. दर रविवारी ती गुंडाळून, सुतळीनं बांधून आम्ही एसटीत चढवायचो. जळगावहून धुळे, धुळ्याहून सोनगीर. पहिल्या खेपेला कंडक्टरनं दारातच अडवलं.

"भाऊ, हाई काय शे?"

"गादी."

"ते माले बी दिसस. पेशंट कोठे शे?"

आमच्या भागातून गादी घेऊन धुळ्याला जाणारा माणूस दवाखान्यातच जाणार, हे त्याचं अनुमान काही चुकीचं नव्हतं.

"पेशंट मीच," सर म्हणाले.

कंडक्टरनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी तं चांगला शेतस!"

"अजून पडलो नाही म्हणून."

बस हसली. मागच्या बाकावरची एक म्हातारी मात्र हसली नाही. "बसू द्या रे त्याले," म्हणत ती सरकली, सरांना शेजारी बसवून घेतलं, आणि पारोळा येईपर्यंत पोटाच्या, पाठीच्या आणि मुळव्याधीच्या औषधांची माहिती देत राहिली. सरांनी सगळं मनापासून ऐकलं. ती उतरायला उठली तेव्हा तिचा हात हातात घेतला.

"अक्का, काय कोरडा हात आहे तुमचा! तुम्ही दगड चढाल."

"मी काय चढसू रे, भाऊ. मना गुडघा बठ्ठा गया," ती म्हणाली, आणि खरोखरच खेद झाल्यासारखी उतरून गेली.

सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी एक मोठा काळा फत्तर आहे. बसलेल्या म्हशीसारखा दिसतो, म्हणून आम्ही त्याला म्हैस म्हणत असू. म्हशीपाशी पोचलं की ते लगेच हात लावत नसत. आधी गादी टाकायची, सरांच्या घरून वहिनींनी दिलेल्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी सावलीत ठेवायच्या, आणि मग दगडाच्या मागच्या बाजूला जायचं. तिथून तो कसा उतरता आहे, पाय कुठे ठेवायचा, काटेरी झुडूप कुठे आहे, ते सगळं पाहून यायचं. वर जाण्यापेक्षा उतरताना माणसं जास्त पडतात, असं त्यांचं म्हणणं. "आधी उतरायची वाट. मग चढायचं."

हे त्यांनी पुढे सगळ्यालाच लावलं होतं. कॉलेजात कोणी नवी समिती काढली की ते विचारत, "उतरायची वाट कुठंय?" त्यांच्या मुलीनं पुण्याच्या नोकरीबद्दल सांगितलं तेव्हा तिलाही हेच विचारलं. आणि म्हैस करून झाली की उतरण्याआधी जुन्या दातांच्या ब्रशनं आपल्या हातांचे पांढरे ठसे घासून काढायचे. काळ्या दगडावर ते ठसे लांबून दिसत. "दगड होता तसा परत द्यायचा," ते म्हणत.

मलेशियाचं कधी सुरू झालं ते मला नेमकं सांगता येत नाही. त्यांचा एक जुना विद्यार्थी तिकडे नोकरीला होता. त्यानं पूर्व किनाऱ्याजवळच्या एका बेटावरून फोटो पाठवला. वाळू, नारळीची झाडं, आणि त्यांच्यामध्ये एक राखाडी ग्रॅनाइटचा दगड, अंड्यासारखा, एका बाजूनं पाण्यात उतरलेला. त्यांनी तो फोटो मोठा करून स्टाफरूममधल्या आपल्या कपाटाच्या दाराला आतून लावला. दुसऱ्यांच्या कपाटात गजानन महाराज असत. सर सकाळी कपाट उघडत, दगडाकडे बघत, हजेरीपट घेऊन वर्गावर जात.

मग नियोजन सुरू झालं, आणि ते कितीतरी वर्षं चाललं. त्या बेटावर आमच्या हिवाळ्यात धो धो पाऊस असतो, म्हणजे दिवाळीची सुट्टी बाद. उरला मे महिना. मे महिन्यात तिथं ऊन असतं, पण हवा ओली. इथं जळगावात मे महिन्यात घाम यायच्या आत वाळतो, अंगावर फक्त मीठ उरतं. साऱ्या जन्मात त्यांनी कोरड्या हवेतच दगड केले होते. तिथल्या हवेत पूड लावली तरी तिचा चिखल होणार, दगड सकाळी घाम आल्यासारखा ओला असणार, आणि हात टिकणार की नाही ते कोणालाच सांगता येणार नाही.

"दगड इथं कमी आहेत का?" वहिनी विचारायच्या. "आपल्या शेतात तर पिकापेक्षा दगडच जास्त."

"इथं हवा मला मदत करते," सर म्हणायचे. "हात माझा किती आणि हवेचा किती, ते बघायचंय एकदा."

वहिनी माझ्याकडे वळायच्या. "भाऊजी, तुम्ही शिकलेले. तुम्ही तरी काही सांगा." मी तेव्हा पोहे खात असे, आणि खात राहत असे. खरं म्हणजे मलाही त्या बेटावर जायचं होतं. माझ्या आयुष्यात कोणी माझ्या ओल्या हाताला काम दिलं नव्हतं.

ओल्या हवेचा सराव करायला त्यांनी जी जागा शोधली ती फक्त आमच्याच जिल्ह्यात सुचावी अशी होती. असोद्याला त्यांचे एक स्नेही होते, केळीचे बागायतदार. सगळे त्यांना आबा म्हणत. श्रावणात केळीच्या बागेत शिरलं की वर पानांचं छत, खाली ठिबकचं पाणी, आणि मध्ये जराही न हलणारी हवा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला ओला-कोरडा तापमापक त्यांनी तिथं नेऊन टांगला. हवा ओलीनं भरली की येतो तसा दोन्ही नळ्यांतला पारा जवळजवळ एकाच रेषेवर आला. त्यांचा चेहरा उजळला.

"बघा, ग्रंथपाल. हे मलेशिया."

दोन लाकडी खांब रोवून, त्यावर लोखंडी नळी टाकून ते तिथं लोंबकळायला लागले. पहिल्या दिवशी हात सटकून चिखलात बसले आणि बसल्या बसल्या हसत राहिले. केळीचा चीक लागून त्यांच्या सगळ्या शर्टांवर तपकिरी डाग पडले. तो डाग कशानंही जात नाही. वहिनींनी शेवटी त्यांना तेच शर्ट कॉलेजात घालायला दिले. आबा बांधावर उभे राहून बघायचे.

"सर, घडासारखे लटकता राव तुमी," ते म्हणाले. "कापाले कधी येऊ?"

"पिकल्यावर," सर वरून म्हणाले.

"केळी पिकाच्या आधीच कापता, सर. भूगोल शिकोता ना तुमी?"

गादीची परीक्षाही तिथंच झाली. बेटावर ती नेता येईल का, हे बघायला त्यांनी ती बागेत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी गेलो तर गादी ओल पिऊन फुगली होती. आबांचे दोन गडी आणि आम्ही दोघं, अशा चौघांनी तिरडी उचलावी तशी ती उचलून उन्हात आणली. तिला केळीच्या बुंध्याचा वास लागला, तो पुन्हा पिंजून घेतल्यावरही पूर्ण गेला नाही. सर बांधावर बसून विचार करत राहिले. मला वाटलं, आता बेत मोडला.

"गादी राहू द्या," ते म्हणाले. "तुम्ही आहात ना खाली."

परतीच्या वाटेवर मोटरसायकलवर त्यांच्या मागे बसून मी माझे दोन्ही हात बघत होतो.

सरांच्या निवृत्तीनंतरच्या मे महिन्यात जायचं ठरलं. आम्ही दोघांनी पासपोर्ट काढले. चौकशीला आलेल्या हवालदारानं सरांना विचारलं, "मलेशियात काय काम आहे?"

"एका दगडावर चढायचंय."

"वर काय आहे? देव?"

"काही नाही."

हवालदारानं पेन उघडलं. मग म्हणाला, "मी आपलं पर्यटन लिहितो."

मी फोनमध्ये जळगावच्या खाली त्या बेटाचं हवामान लावून घेतलं. सकाळी दोन्ही बघायचो. इकडे कोरडं, तिकडे ओलं.

त्या जानेवारीत आम्ही सोनगीरला गेलो तेव्हा सर पहिल्यांदाच बसमध्ये झोपले. थंडी छान होती, दगड कोरडा होता. त्यांनी मागे जाऊन उतरायची वाट पाहिली, पूड लावली आणि म्हैस करायला घेतली. निम्म्यावर, जिथं उजवा हात एका खोबणीत बसतो, तिथं ते थांबले. मी कमरेकडे बघत होतो. कमर थरथरत होती. मग ते पडले नाहीत; हळूच, पाय चाचपत, आले तसे खाली उतरले. असं ते कधी करत नसत.

"पोटात दुखतंय जरा," म्हणाले. "तुमच्या वहिनींची भाकरी जास्त झाली."

भाकरी त्यांनी खाल्लीच नव्हती. खोबणीतला पांढरा ठसा तसाच राहिला होता. जमिनीवरून तिथं हात पोचत नव्हता, दगडावरून वाकूनही पोचला नसता. मी ब्रश काढला तर ते म्हणाले, "राहू द्या. पुढच्या वेळी पुसू."

पोटाचं ते दुखणं साधं नव्हतं. पुढे सगळं फार लवकर झालं. दवाखान्यात सकाळी मी जायचो. ते विचारायचे, "आज तिथं?"

"सकाळी पाऊस. दुपारी उघडीप."

"म्हणजे दुपारी चढता येईल."

एकदा मोठे डॉक्टर पुढच्या उपचारांबद्दल समजावून सांगत होते. सरांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "उतरायची वाट कुठून आहे, तेवढं सांगा." डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. त्यांना वाटलं, लिफ्ट विचारतायत. त्यांनी उजवीकडे हात दाखवला. वहिनींना मात्र कळला. त्या उठून बाहेर गेल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत.

शेवटी शेवटी एकदा त्यांनी हात पुढे केला. मी दिला.

"ओला आहे," ते म्हणाले. "काय झालं?"

त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि तो मला ओळखू येत नव्हता. घट्टे गळून गेले होते. खालून नवी, गुलाबी कातडी आली होती, बाळाच्या तळव्यासारखी मऊ. आणि अगदी कोरडी. ते माझ्याकडे बघत होते. माझं निदान ऐकायचं होतं त्यांना.

"कोरडा आहे," मी म्हणालो. "छान."

ते समाधानानं हसले. बेटावरचा दगड करायचा राहिला.

गेलेल्या माणसाचं अंथरूण आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. तिसऱ्या दिवशी वडीलधारी मंडळी ते बाहेर काढत होती. माळ्यावरची जाड गादीही कोणीतरी खाली ओढली. वहिनी आतून आल्या. "ती नाही," म्हणाल्या. "ती भाऊजींची आहे." एका काकांनी मयताच्या वस्तूंबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली. वहिनी म्हणाल्या, "त्या गादीवर ते कधी झोपले नाहीत, काका. त्या गादीवर ते फक्त पडायचे."

मे महिना गेला. मी रोज बेटाचं हवामान बघत होतो. ऊन होतं, दुपारी उघडीप होती. मृग जवळ आला, आणि एक दिवस जळगावच्या हवामानातही ढग दिसायला लागले. तेव्हा मला तो ठसा आठवला. आता पाऊस पडला की तो जाईल. तो आम्हाला पुसायचा होता.

मी गादी घेऊन एकटाच सोनगीरला गेलो. म्हशीजवळ कोणी नव्हतं. गावातून भांडी ठोकल्याचा आवाज येत होता. खोबणीत ठसा होता. थोडा फिकट, पण बोटं मोजता येत होती. मी गादी टाकली आणि सवयीनं खाली उभा राहिलो, हात वर करून. किती वेळ उभा होतो कोणास ठाऊक. मग हात खाली घेतले, मागच्या बाजूला गेलो, उतरायची वाट पाहिली. पाय कुठे ठेवायचा, झुडूप कुठे आहे. पुढे येऊन ब्रश खिशात टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा दगडाला हात लावला.

पहिला पाय बसला. दुसराही बसला. डावा हात एका भेगेत गेला. अंग दगडाला चिकटलं, आणि मग लक्षात आलं, की ब्रश काढायला हातच मोकळा नाही. उजवा हात वर गेला होता. तो खोबणीत बसला, त्यांच्या ठशावर. दगड आत गार होता. मी तसाच राहिलो. खाली बघितलं नाही; खाली कोणी नव्हतं. तळहाताला घाम सुटत होता, मला तो कळत होता, आणि मला थोडा वेळ अजून तिथं राहायचं होतं. मग हात सटकला.

पाठ गादीवरच पडली. केळीच्या बुंध्याचा वास आला.

उताणा पडून मी वर बघितलं. ठसा नव्हता. त्याच्या जागी माझ्या हाताचा ओला, काळा ठसा होता, आणि सोनगीरच्या त्या उन्हात तो बघता बघता वाळून गेला. दगड होता तसा झाला. उजवा तळहात मी डोळ्यांपुढे धरला. सगळी पूड माझ्या हातावर आली होती.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं गादीकडे बघितलं, मग माझ्या कपड्यांवरच्या मातीकडे बघितलं, आणि गादीचं काही विचारलं नाही. तिकीट पुढे केलं. मी ते डाव्या हातानं घेतलं.

"उजवा हातले काय व्हयनं, भाऊ?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि जळगाव येईपर्यंत मूठ उघडली नाही.